रविवारचा सामना बरोबरीत सुटला तर काय करावे

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावोगावच्या मैदानांवर मॅट अंथरल्या जातात, आणि तेव्हापासून पुढच्या मे महिन्यापर्यंत शनिवार-रविवार क्रिकेटचे होऊन जातात. या सामन्यांत बरोबरी क्वचितच होते. पण ती होते तेव्हा बहुतेक क्लबांजवळ तिच्यासाठी काहीही लिहून ठेवलेले नसते. मग कोणी घाईघाईने सुपर ओव्हर, म्हणजे निकालासाठी प्रत्येकी एक जादा निर्णायक षटक, मागतो, कोणी कमी गडी गमावल्याचा दाखला देतो, कोणी मधल्या एखाद्या वाइडवर बोट ठेवतो, आणि चार तास रंगलेला सामना वादात संपतो. साखळी फेरीत बरोबरी हा पूर्ण निकाल मानून गुण वाटून द्यावेत, निर्णायक षटक केवळ बाद फेरीत खेळवावे, आणि दोन्ही ठिकाणी काय होणार हे नाणेफेकीपूर्वी कागदावर असावे, असे माझे ठाम मत आहे. ते प्रत्यक्षात कसे आणावे, ते या लेखात सांगितले आहे.

नाणेफेकीआधीचा कागद

एका पानावर मावतील एवढेच नियम लिहावेत आणि त्यावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या नाणेफेकीपूर्वी घ्याव्यात. षटकांची संख्या, एका गोलंदाजाची कमाल षटके, सामना सुरू होण्याची वेळ, निकाल लागण्यासाठी दुसऱ्या डावात किमान किती षटके व्हायला हवीत, पाऊस आल्यास लक्ष्य कसे काढायचे, आणि बरोबरी झाल्यास पुढे काय, एवढ्या गोष्टी त्यात आल्या म्हणजे पुरे. क्लब गोवा क्रिकेट असोसिएशनच्या स्पर्धेत खेळत असेल, तर अर्थातच त्या स्पर्धेची नियमावली लागू होते आणि आपला कागद बाजूला राहतो. मैत्रीपूर्ण सामने आणि गावपातळीवरील स्पर्धा यांच्यासाठी मात्र तो हवाच.

वेळेचा विचार येथेच करावा, कारण बरोबरीनंतरचा अर्धा गोंधळ उजेड संपल्यामुळे होतो. क्लबच्या संघाला पंचवीस षटके टाकायला साधारण पावणेदोन तास लागतात, म्हणजे मधल्या विश्रांतीसह सामना चार तासांचा होतो. रविवारी काही खेळाडू सकाळची मिस्सा आटोपून येणार असतील, तर साडेनऊला सुरुवात करून दीड वाजेपर्यंत खेळ संपवणे सोयीचे पडते, आणि मॅटही कडक ऊन तापण्याच्या आत बरीचशी वापरून होते. दुपारचा सामना ठेवायचा असेल तर डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात घेऊन वीस षटकांवर थांबावे. शिवाय संध्याकाळी त्याच मैदानावर फुटबॉलवाले येणार असतात आणि त्यांचा हक्कही आपल्याइतकाच असतो.

सीमारेषेचे स्थानिक नियमही याच कागदावर यावेत. आपल्याकडे मैदानाच्या आत माड असतो, एका अंगाला चिऱ्यांचा गडगा असतो, दुसऱ्या अंगाला शेताचा बांध असतो. मैदानातील झाड किंवा अडथळा ही सीमा आहे की नाही, हे पंचांनी नाणेफेकीपूर्वी ठरवायचे असते. तसे ठरवले नाही, तर त्याला सीमा मानता येत नाही. चेंडू माडाला लागून आत पडला तर चार धावा की नाही, हा प्रश्न अठराव्या षटकात नव्हे तर सकाळी सव्वानऊला सुटायला हवा. चुन्याची रेघ पुसट होते, म्हणून दर दहा-पंधरा पावलांवर छोटे झेंडे रोवलेले बरे.

पंच तिसऱ्या क्लबचे मिळाले तर उत्तम. मिळाले नाहीत आणि फलंदाजी करणाऱ्या संघातील मुलेच उभी राहणार असतील, तर निदान प्रत्येक डावातील शेवटच्या पाच षटकांसाठी एक पंच एका संघाचा आणि दुसरा दुसऱ्या संघाचा ठेवावा, आणि कोणी कोणत्या टोकाला उभे राहायचे हेही आधीच ठरवावे.

स्कोरबुक: बरोबरी येथेच सिद्ध होते

या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त काळजी कोठे घ्यायची असेल, तर ती स्कोरबुकात. धावफलकावर दोन आकडे सारखे दिसले म्हणजे सामना बरोबरीत सुटला असे नव्हे. वह्या जुळल्या म्हणजे सुटला. दोन्ही संघांचा एकेक स्कोरर असावा आणि दोघांनी एकाच बाकावर शेजारी बसावे. मोबाइलवरील ॲपमध्ये नोंद ठेवायला हरकत नाही, घरी बसलेल्यांना धावसंख्या कळते, परंतु एक कागदी वही चालू ठेवावीच, कारण बॅटरी संपते, नेटवर्क जाते आणि घाईत चुकीचे बटण दाबले गेल्यावर मागची चूक शोधणे वहीत सोपे असते. पंचांनी खूण केली की स्कोररने हात वर करून ती पोचल्याचे कळवावे, आणि तसे कळल्याशिवाय पंचांनी पुढचा चेंडू टाकू देऊ नये. हा शिष्टाचार नसून क्रिकेटचा नियम आहे. गावच्या मैदानावर मात्र तो सर्वांत कमी पाळला जातो.

हिशेब कसा जुळवायचा ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, पंचवीस षटकांत 142 धावा झाल्या. फलंदाजांच्या नावावरील धावांची बेरीज 127 आहे. अवांतर धावा 15 आहेत: वाइड 7, नो बॉल 2, बाय 4 आणि लेगबाय 2. 127 आणि 15 मिळून 142 होतात, ही पहिली ताळ्याची बेरीज झाली. आता गोलंदाजांच्या बाजूने मोजावे. वाइड आणि नो बॉलच्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय आणि लेगबायच्या जात नाहीत. म्हणून सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावा 127 अधिक 7 अधिक 2, म्हणजे 136 यायला हव्यात, आणि त्यांत बाय-लेगबायच्या 6 मिळवल्या की पुन्हा 142. तिसरा ताळा चेंडूंचा: पंचवीस षटकांचे वैध चेंडू 150, त्यांत वाइड-नो बॉलचे 9 मिळवून एकूण 159 नोंदी वहीत दिसल्या पाहिजेत. (एखाद्या वाइडवर फलंदाजांनी धाव काढली असेल, तर वाइडच्या धावा आणि वाइडचे चेंडू सारखे येणार नाहीत, तेथे नोंदी एकेक करून मोजाव्यात.) पहिल्या डावाचे हे तिन्ही ताळे विश्रांतीतच जुळवून दोन्ही स्कोररनी सही करावी. पाठलाग सुरू होण्यापूर्वी लक्ष्य पक्के झाले की शेवटच्या वादाचे मूळच उरत नाही. शिवाय दर षटक संपल्यावर दोघांनी एकूण धावसंख्या मोठ्याने एकमेकांना सांगावी. चूक झालीच, तर ती सहा चेंडूंच्या आत सापडते.

आता वेळेची मर्यादा. सामन्याच्या शेवटी पंचांनी स्कोररबरोबर धावसंख्या तपासून ती बरोबर असल्याचे मान्य केले की त्यानंतर निकाल बदलता येत नाही, असे नियम सांगतो. म्हणून ही तपासणी नावापुरती करू नये. उलट, खेळाडू मैदानाबाहेर आल्यावर पण ही मान्यता देण्यापूर्वी निकाल बदलणारी चूक सापडली आणि शेवटच्या डावातील षटके व गडी अजून शिल्लक असतील, तर एखादा संघ पराभव मान्य करत नसल्यास पंचांना खेळ पुन्हा सुरू करावा लागतो. वह्या तपासून होईपर्यंत कोणी पॅड सोडू नयेत, असे कर्णधारांनी सांगून ठेवावे.

शेवटच्या चेंडूवर काय काय घडू शकते

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. जिंकायला 143 हव्यात, धावफलकावर 141 आहेत आणि एक चेंडू उरला आहे. फलंदाजाने चेंडू तटवून एक धाव पूर्ण केली आणि दुसरी घेताना तो किंवा त्याचा साथीदार धावबाद झाला, तर पूर्ण झालेली एक धाव धरली जाते आणि सामना बरोबरीत सुटतो. दुसऱ्या धावेसाठी दोघे एकमेकांना ओलांडून गेले होते, हा युक्तिवाद येथे लागू नाही. ज्या धावेत गडी बाद झाला ती धाव मिळत नाही. मात्र तोच फटका उंच गेला आणि झेल घेतला गेला, तर चेंडू हवेत असताना फलंदाजांनी दोन धावा पळून काढलेल्या असल्या तरी एकही धाव मिळत नाही आणि संघ एका धावेने हरतो. दोन धावा पळाल्या पण पहिल्या धावेत बॅट क्रीझमध्ये टेकली नाही, तर ती धाव अपुरी, आणि निकाल पुन्हा बरोबरी. अपुऱ्या धावेची खूण पंचाने स्कोररकडे पाहून स्पष्टपणे करावी. खांद्याला बोटे लावण्याची ती खूण गर्दीत हरवते आणि मग दोन वह्यांत दोन निकाल लिहिले जातात.

वाइडचा प्रकार थोडा गुंतागुंतीचा आहे. 141 धावांवर शेवटची जोडी खेळत असताना चेंडू वाइड पडला आणि यष्टिरक्षकाने फलंदाजाला यष्टिचीत केले, तर वाइडची एक धाव मिळते, गडीही बाद होतो, आणि 142 वर सर्वबाद होऊन सामना बरोबरीत सुटतो. परंतु धावसंख्या आधीच 142 असेल आणि मग वाइड पडला, तर ती एक धाव मिळताक्षणी सामना जिंकला गेलेला असतो. त्यानंतर यष्ट्या उडाल्या काय किंवा न उडाल्या काय, त्याला काही अर्थ उरत नाही.

धावसंख्या समान असताना विजयी धाव प्रत्यक्ष पळून पूर्ण करावी लागते, हे तळाच्या फलंदाजांना वेगळे सांगून ठेवावे. फटका मारल्यावर बॅट उंचावून तेथेच उभे राहणे, किंवा ढोल वाजवत आत आलेल्या पोरांच्या घोळक्यात अडकणे, यांतून हातचा सामना बरोबरीवर येऊ शकतो. 17 जून 1999 रोजी एजबॅस्टनला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या दोघांच्याही 213 धावा झाल्या. दक्षिण आफ्रिकेला एकच धाव हवी होती, चेंडू हातात होते, आणि क्लूसनर धावत सुटला असताना डोनाल्ड आपल्या टोकाला राहिला व धावबाद झाला. त्या सामन्यानंतर अंतिम फेरीत कोण जाणार यावर मात्र कोणाला वाद घालावा लागला नाही, कारण त्याआधीच्या सुपर सिक्स (सहा संघांच्या) फेरीत वरच्या क्रमांकावर असलेला संघ पुढे जाईल हे आधीच लिहिलेले होते. आपल्या कागदाचा उपयोग नेमका हाच आहे.

बरोबरी कोणती आणि अनिर्णित कोणता

एका डावाच्या मर्यादित षटकांच्या सामन्यात सर्व डाव पूर्ण होऊन धावा समान झाल्या की सामना बरोबरीत. किती गडी बाद झाले याला नियमात स्थान नाही. गडी मोजण्याची पद्धत पूर्वी काही स्पर्धांत होती. 1987 साली हैदराबादला भारताने 6 बाद 212 आणि पाकिस्तानने 7 बाद 212 धावा केल्या, तेव्हा कमी गडी गमावल्यामुळे भारत विजयी ठरला होता. त्या आठवणीतूनच आपल्याकडे अजून हा आग्रह धरला जातो. स्पर्धेच्या कागदावर तसे लिहिलेले असेल तर ते लागू होईल, नसेल तर नाही. माझ्या मते ते लिहूही नये: पंचवीस षटकांत गडी राखण्यापेक्षा धावा काढणे हेच दोन्ही संघांचे काम असते, आणि शेवटच्या षटकात धाव चोरताना गडी गमावणाऱ्या संघाला त्याच धाडसाची शिक्षा देणे योग्य नाही.

शनिवार-रविवार असे दोन दिवस प्रत्येकी दोन डावांचा सामना खेळवणारे क्लब थोडे आहेत, पण त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. तेथे बरोबरीसाठी शेवटी फलंदाजी करणारा संघ सर्वबाद व्हावा लागतो. सप्टेंबर 1986 मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध मनिंदर सिंग शेवटच्या षटकातील पाचव्या चेंडूवर पायचीत झाला, भारताचा दहावा गडी पडला, दोन्ही संघांच्या दोन डावांची बेरीज 744 झाली आणि कसोटी बरोबरीत सुटली. उलट नोव्हेंबर 2011 मध्ये वानखेडेवर भारत आणि वेस्ट इंडीज या दोघांचीही बेरीज 724 झाली, शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना अश्विन धावबाद झाला, तरी भारताचा एक गडी शिल्लक असल्यामुळे ती कसोटी अनिर्णित राहिली.

पावसाने षटके कमी केली तर

परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या दुपारी हमखास गाठतो. 24 ऑक्टोबर 2010 रोजी फातोर्ड्याचा भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना पावसापायी एकही चेंडू न टाकता रद्द करावा लागला होता; आपल्या गावच्या मैदानावर तर आच्छादनही नसते. लक्ष्य काढण्याची पद्धत म्हणून क्लबच्या सामन्यांना धावगतीची सरळ सरासरी पुरते, पण अपूर्णांकाचे काय करायचे ते लिहिले नाही तर ती अपुरी पडते. पहिल्या संघाच्या पंचवीस षटकांत 142 धावा आणि दुसऱ्याला मिळाली वीस षटके, तर 142 गुणिले 20 भागिले 25 म्हणजे 113.6 येतात. 113 धावा झाल्यास बरोबरी की पराभव? आंतरराष्ट्रीय सामन्यांतील डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीत अपूर्णांक सोडून देतात: 113 ला बरोबरी आणि 114 ला विजय. तीच रीत आपण घ्यावी, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे.

काढलेले लक्ष्य चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून फलंदाजांकडे पाठवावे: बरोबरीला इतक्या, विजयाला इतक्या. 3 मार्च 2003 रोजी डर्बनला विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या संघाने बरोबरीचा आकडा हाच विजयाचा आकडा समजला. पाऊस वाढत असताना 229 वर पोहोचल्यावर बाउचरने षटकाचा शेवटचा चेंडू नुसता तटवला, खेळ तेथेच थांबला, सामना श्रीलंकेशी बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत हे घडू शकते, तर आपल्याकडे तोंडी निरोपावर विसंबू नये.

गुण कसे वाटावेत, निर्णायक षटक कसे खेळवावे

साखळी फेरीत विजयाला दोन गुण आणि बरोबरीला प्रत्येकी एक, एवढे पुरेसे आहे. दोन्ही संघांनी सारख्याच धावा केल्या असताना सहा चेंडूंवर एकाला दोन आणि दुसऱ्याला शून्य गुण देणे मला पटत नाही. पंचवीस षटकांत अकराही खेळाडूंचा हातभार लागतो. एका षटकात तो तीन फलंदाज आणि एका गोलंदाजापुरता उरतो. रविवारी खेळायला येणारा प्रत्येक मुलगा ज्या निकालात आहे, तो निकाल टिकवावा. गुणतालिकेत दोन संघ समान राहिले, तर आधी त्यांचा आपापसातील सामना आणि तो बरोबरीत असेल तर निव्वळ धावगती (दर षटकी काढलेल्या धावांतून दर षटकी दिलेल्या धावा वजा करून) पाहावी. सर्वबाद झालेल्या संघाची षटके मोजताना ठरलेली पूर्ण षटके धरावीत.

बाद फेरीत कोणी तरी पुढे जायलाच हवे, म्हणून तेथे निर्णायक षटक योग्य. त्याची प्रचलित पद्धत अशी: सामन्यात दुसऱ्यांदा फलंदाजी केलेला संघ आता प्रथम फलंदाजी करतो, प्रत्येक संघ तीन फलंदाजांची नावे देतो, दोन गडी बाद झाले की डाव संपतो, आणि गोलंदाजीचे टोक क्षेत्ररक्षण करणारा संघ निवडतो. तेही षटक बरोबरीत सुटले, तर चौकार-षटकार मोजू नयेत. 14 जुलै 2019 च्या लॉर्ड्सवरील इंग्लंड-न्यूझीलंड विश्वचषक अंतिम सामन्यात 241-241 आणि मग निर्णायक षटकात 15-15 झाल्यावर चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंडला विजेता ठरवले गेले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तो नियम काढून टाकला. आता पुन्हा षटक खेळवतात. दुसऱ्या षटकात आधीचा गोलंदाज गोलंदाजी करू शकत नाही, आधी बाद झालेला फलंदाज फलंदाजी करू शकत नाही, आणि कोणता संघ आधी फलंदाजी करणार तो क्रम उलटतो. जानेवारी 2024 मध्ये बेंगळुरूला भारत-अफगाणिस्तान सामना अशाच दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये सुटला. आपल्याकडे मात्र दिवे नसतात, म्हणून कमाल दोन निर्णायक षटके आणि त्यानंतर, किंवा पंचांनी उजेड अपुरा ठरवल्यास लगेच, साखळीत वरच्या स्थानावर असलेला संघ पुढे, असे लिहून ठेवावे.

अंतिम सामन्यालाही हाच नियम लावावा की दोघांना संयुक्त विजेते घोषित करावे, हे आयोजकांनी ठरवायचे. 2002 च्या चॅम्पियन्स करंडकात कोलंबोचा अंतिम सामना दोन दिवस पावसाने वाहून गेल्यावर भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते झाले होते, तेव्हा असा निकाल कोणाच्या मानाला कमी आणणारा नाही. माझा कौल संयुक्त विजेतेपदाच्या बाजूने आहे. तसे ठरल्यास रोख बक्षिसात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची रक्कम एकत्र करून निम्मी निम्मी द्यावी, आणि फिरता करंडक पहिले सहा महिने कोणाकडे राहील ते तेथेच नाणे उडवून ठरवावे.